रायबानं झाकलेली मशीन

माझ्या तोंडाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. महाडात फ्रीज-एसी दुरुस्त करणारा मी पहिला, आणि गिऱ्हाइकाला शिव्या घालणाराही मीच पहिला. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असा सगळा कारभार. हातात कसब होतं, दुसरा मिस्त्री थेट पनवेलला, म्हणून लोक ऐकून घ्यायचे. बायको म्हणायची, तुमच्या जिभेनं एक दिवस कुणाचं तरी वाटोळं होणार. मी हसायचो. पण ते झालं. ज्याचं झालं त्याचं नाव रायबा, आणि तो जाऊन आता दोन वर्षं होतील.

रायबा कुडपणचा. पोलादपुरावरून चढत गेलं की डोंगराच्या माथ्यावर जे सपाट पसरलंय, ते कुडपण. माणूस काटक, पन्नाशीचा, बोलायला महाग. चार म्हशी, दोन बैल, थोडी नाचणी, थोडी वरी. बायको धोंडूबाई. एकच मुलगा, नीलेश, तो मुंबईला घाटकोपरच्या एका कँटीनमध्ये कामाला.

त्या माथ्यावरचा पाऊस आपल्यासारखा वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून मिरगाच्या आधी तिथं घर चारी बाजूंनी गवताच्या झडांनी बंद करतात, आणि गोठा घराच्याही आधी. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर गवत दाबायचं, काथ्यानं आवळायचं. बोटभर फट ठेवायची नाही, कारण फट राहिली की वारा तिथूनच घुसतो आणि सगळं उपटून नेतो. गुराला हुडहुडी भरली तर त्याच्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकायची आणि वर इरलं ठेवायचं. इरलं म्हणजे कामट्या विणून पानांनी मढवलेलं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं छप्पर. आता प्लॅस्टिक आलं, इरली विणतो कोण. रायबा विणायचा, आणि त्याच्या इरल्यातून पाण्याचा थेंब आत यायचा नाही.

पंच्याण्णव साली गावातली आवडी नावाची पोर बाळंतपणात अडली. तिला डोलीत घालून चौघांनी डोंगर उतरवला, पुढचा खांदा रायबाचा. पोलादपुरातून जीप करून तिला बिरवाडीच्या रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात आणली. तिची सुटका झाली, बाळही जगलं. परत नेताना खांदा लागणार म्हणून रायबा दोन दिवस आवारात थांबला. नुसतं बसवेना, म्हणून कुणी न सांगता त्यानं दवाखान्यामागचं तुंबलेलं गटार उपसून काढलं. डॉक्टरांनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्याला राखणीला ठेवून घेतलं. बिरवाडीत कारखान्याच्या कामगारांबरोबर त्यानं खोली घेतली, आणि पंधरवड्यातून एकदा चालत कुडपणला जायचा.

अठ्ठ्याण्णवला डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीत एसी घेतला. बसवला मीच. आतला भाग भिंतीवर, आणि बाहेरचा डबा, आम्ही त्याला आऊटडोअर म्हणतो, तो मागच्या अंगाला फणसाखाली. ती जागा डॉक्टरांनी ठरवली. फणसाखाली आऊटडोअर ठेवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वरून पानं, काटक्या, चिकट फुसके फणस. पाठीमागे दरड, तिची तांबडी माती पावसात वाहत येणार. त्यात कोकणातली दमट हवा, जाळीच्या पत्र्या दोन-तीन वर्षांत पांढऱ्या पडून हातात भुगा होतात. मी रायबाला उभं केलं आणि सांगितलं की याची जबाबदारी तुझी. तो वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो मिस्त्री म्हणायचा, आणि ते दोघांनाही खटकायचं नाही.

वर्षाच्या आत एक काटकी जाळीतून आत गेली आणि पंख्याचं पातं तुटलं. मी आलो, पाहिलं, आणि नर्स, पेशंट, त्यांचे नातेवाईक, सगळ्यांदेखत रायबाला फाडून खाल्लं. म्हशी राखणाऱ्याच्या हातात मशीन दिली की हेच व्हायचं, असंही बोललो. माझं बोलून संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं की आता तिची राखण कशी करायची ते एकदा नीट सांगा.

तेव्हापासून तो माणूस त्या डब्याच्या मागेच लागला. सकाळी आधी मशीनची पानं काढायची, मग स्वतःचा चहा. दात घासायचा जुना ब्रश घेऊन पत्र्यांमधली माती काढायचा, वरून खाली, एकही पत्री न वाकवता. उंदीर पाइपावरचं रबर खायचे, तर त्यानं पाइपाला तारेची जाळी गुंडाळली. डब्याखाली चार दगड घालून तो जमिनीपासून उचलून घेतला, म्हणजे वाहती माती खालून जाईल. वर उतरता पत्रा ठोकला, पुढची बाजू मोकळी. माझ्याकडे आयटीआयचा कागद आहे, पण एवढं निगुतीनं मी माझ्या स्वतःच्या घराचंही केलेलं नाही. एकदा मला म्हणाला, हिच्या तोंडावर हात धरला तर तापलेल्या म्हशीगत वाफ येते. मी हसलो.

पावसाळ्यात ऑपरेशनच्या खोलीला एसी लागायचा नाही. मे संपला की मशीन बंद, ती दसऱ्यापर्यंत. मग रायबा तिला कुडपणच्या रीतीनं बांधून टाकायचा. चारी बाजूंनी झडा, वर इरलं, काथ्याचे आवळ. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, रायबा, दसऱ्याला हिला वासरू होणार बघ. पण दसऱ्याला सोडली तर आतून कोरी करकरीत, नुकतीच खोक्यातून काढल्यासारखी. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पुढं चार गिऱ्हाइकांना सांगितलं की झाकायला शिकायचं तर रायबाकडे जा. बंद मशीन झाकायची आणि चालू मशीन कधी झाकायची नाही, हे मी त्याला सांगितलं होतं का? सात वर्षं आठवून पाहतोय. सांगितल्याचं आठवत नाही.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीला नवा एसी घेतला आणि जुना मागच्या लहान खोलीला जोडून घेतला. कारण असं, की महाड-पोलादपुरात घरटी एक माणूस मुंबईला. घरात कुणी गेलं की पहिला प्रश्न, पोरगा कधी पोचतो? मुलानं शेवटचं तोंड बघावं, तोंडात पाणी घालावं, मग उचलायचं. तोवर मयत ठेवायची कुठं? म्हणून ही खोली. सोळावर एसी, बाजूला बर्फाच्या लाद्या, आणि दार बंद. मे महिन्यात दोनदा वापरली. जून लागला तसा रायबानं नेहमीप्रमाणे डबा बांधून टाकला.

म्हशी विकून धोंडूबाई त्याच वर्षी खाली आली होती. जुलैत तिला ताप भरला, छातीत कफ झाला, आणि रायबानं तिला आपल्याच दवाखान्यात ठेवलं. नीलेश दोन वर्षांत आलेला नव्हता. भांडण नव्हतं काही. कँटीनवाल्याची रजा मिळत नाही, मिळाली तर पाहुणे येतात, मुंबईत राहणाऱ्या पोरांचं असंच होतं. बुधवारी तिनं आपली वेळ ओळखली असावी. नर्स सुप्रिया तिथं उभी होती, तिनं मला नंतर सांगितलं. धोंडूबाई रायबाला म्हणाली, "नीलेश येईस्तवर मला हालवू नको. त्याला माजं तोंड दिसू दे." रायबा म्हणाला, "दिसल गो."

गुरुवारी सकाळी ती गेली. फोन चालू होता तोवर रायबानं नीलेशला कळवलं. तो म्हणाला, असाच निघतो. रायबानं स्वतःच्या हातानं झडा सोडल्या, मशीन चालू केली, समोर हात धरून वाफ येते का पाहिली. मग धोंडूबाईला त्या खोलीत ठेवलं. बर्फ मिळाला नाही, कारण बर्फाच्या कारखान्यातच पाणी शिरलं होतं. सगळी भिस्त त्या मशीनवर होती. आणि रायबाला जगात एकच गोष्ट करायची होती, पोरगा येईपर्यंत बायकोला गार ठेवायचं.

त्या दिवशी सावित्री चढली. महाडच्या बाजारात राहणाऱ्याला पुराचं काही नवल नाही. पाणी येणार असं कळलं की माल माळ्यावर चढवायचा आणि बघत बसायचं. पण त्या दिवशी पाणी भरभर येत होतं. दुकानात लोकांचे सात फ्रीज, आणि माझ्या कमरेत उसण भरलेली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दुपारी एकच्या सुमारास रायबा दारात येऊन उभा राहिला. गुडघाभर पाण्यातून आला होता, दीड तास चालत. अंगावर इरलं.

"मिस्त्री, मशीन चालू हाय," तो म्हणाला. "फनसाची फांदी पडली, पत्रा उडाला. पाऊस आडवा लागतोय, आत पानी जातंय. काय करू?"

पावसानं आऊटडोअरला काही होत नाही. तो बाहेर उभा राहायलाच केलेला असतो. फांदी बाजूला कर, पानं काढ, आणि चालू दे. एवढं सांगायचं होतं, मोजून आठ शब्द.

मी फ्रीजखाली हात घालून वाकलेला होतो. म्हणालो, "झाक की मग. मला काय विचारतोस?"

तो हलला नाही. "झाकली तर हिचा दम कोंडायचा नाय का?"

"म्हैस आहे का ती दम कोंडायला? दरवर्षी झाकतोस ना? तशीच झाक. आणि जा आता, माझं दुकान चाललंय वाहून."

त्यानं मान हलवली, बरं म्हणाला आणि गेला. आत धोंडूबाई आहे हे तो बोलला नाही. मी विचारलं नाही. भर पावसाळ्यात एसी चालू कशाला, हे माझ्यासारख्या मिस्त्रीच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मला फ्रीजची पडली होती.

पुढचं मला सुप्रियाकडून कळलं. रायबानं परत येऊन चारी झडा पुन्हा उभ्या केल्या आणि काथ्या आवळला. तरी एका सांध्यातून पाणी जायला लागलं, म्हणून अंगावरचं इरलं काढून वर बांधलं. तरी समाधान होईना, तेव्हा घोंगडी आणली, ती आतून गुंडाळली आणि पुन्हा आवळलं. मग उघड्या डोक्यानं पावसात मशीनला हात लावून उभा राहिला. सुप्रियानं आत बोलावलं तर म्हणाला, थरथरतेय, सोडून कसा येऊ. संध्याकाळी मशीनचा आवाज कमी कमी होत थांबला. तेव्हा तो व्हरांड्यात येऊन बसला आणि सुप्रियाला म्हणाला, "आता निवांत झाली बगा."

मशीन निवांत झाली नव्हती. तिला हवा घ्यायला जागा नव्हती आणि आतली उष्णता टाकायला जागा नव्हती. कॉम्प्रेसर तापून बंद पडला, थोडा निवला की पुन्हा चालू व्हायला बघायचा, पुन्हा बंद पडायचा, असं करत जळून गेला. आणि वाईट काय, तर आतला पंखा चालूच राहतो. हिरवा दिवा लागलेला, हवेचा सूं सूं आवाज येतोय, बाहेर उभ्या माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. हवा मात्र गार नाही. दार उघडलं की गारवा पळतो, म्हणून रायबानं दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला दार उघडू दिलं नाही. जुलैचा दमट उकाडा, बंद खोली, आणि आत धोंडूबाई.

नीलेश तेव्हा दासगावला अडकला होता. रस्त्यावर पाणी, गाड्यांची रांग, आणि आई तिथून आठ-नऊ किलोमीटरवर.

शुक्रवारी सकाळी पाणी उतरलं. दहाच्या सुमारास सुप्रियाला दाराशी वास आला, आणि डॉक्टरांनी मला निरोप धाडला. मी चिखलानं भरलेल्या पायांनी स्कूटर काढून गेलो, वाटेत दवाखान्याला शिव्या घालत. व्हरांड्यातच तो वास आला. मी सुप्रियाला विचारलं, कोण आहे आत? ती म्हणाली, रायबाची धोंडूबाई.

मागे गेलो. रायबा मशीनपाशी उभा होता. मी खिशातला चाकू काढून काथ्या कापला. झडा पडल्या, घोंगडी ओढली, आतून वाफ आली आणि तारांवरच्या जळक्या वार्निशचा वास. इरल्याची खालची पानं करपलेली. मी सगळं सोडेपर्यंत तो बघत होता. मग त्यानं विचारलं, "माजं कुटं चुकलं, मिस्त्री?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. आणि मी, महाडातला नंबर एकचा मिस्त्री, पाना घेऊन नट सोडत बसलो, ज्याची त्या वेळी काहीही गरज नव्हती.

रायबा आत गेला. त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. धोंडूबाईचं तोंड त्यानं स्वतः धुवट कापडानं बांधलं, तीन गाठी मारल्या. बारा वाजता नीलेश आला, मांड्यांपर्यंत चिखल, हातात चप्पल. पाणी उतरता उतरताच दासगावाहून चालत निघाला होता. तो सरळ खोलीकडे निघाला तर बाप दारात उभा.

"आयचं तोंड बघू दे," नीलेश म्हणाला.

"नाय बगायचं बाबा. पाय बग."

"का?"

"नाय राहिलं बगण्यासारखं."

नीलेशनं त्याला बाजूला केलं आणि आत गेला. गाठी त्यानं सोडल्या नाहीत. वासावरून, कापड कुठं कुठं वर आलंय त्यावरून त्याला कळलं असावं. त्यानं आईच्या पायांवर हात ठेवले, जोडव्यांवर, आणि बराच वेळ ठेवले. मग बाहेर येऊन बापाला विचारलं की झालं कसं. मशीन होती ना, तूच सांभाळायचास ना?

"मी झाकली," रायबा म्हणाला. "पाऊस लागत व्हता म्हनून झाकली. माज्या हातनं झालं."

"तुला झाकायला कोनी सांगितलं?"

मी तिथंच होतो. पाच पावलांवर, हातात पाना. रायबानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी नाय," तो म्हणाला.

बिरवाडीच्या स्मशानात तिला अग्नी दिला. तेरा दिवस नीलेश कुडपणला राहिला, सगळे विधी केले, आणि बापाशी एक शब्द बोलला नाही. चौदाव्या दिवशी मुंबईला गेला.

मी का बोललो नाही? पहिल्या दिवशी वाटलं, आज नको, प्रसंग कसला आणि आपण काय बोलायचं. तेराव्यानंतर वाटलं, आता उपयोग काय. ही सगळी सोंगं. खरं म्हणजे मी भ्यालो. ज्याच्या सल्ल्यानं मयत सडली, त्याला महाडात कोण घरात घेणार?

डॉक्टरांनी रायबाला काढलं नाही. नवा डबा मी बसवला, भिंतीत उंच, लोखंडी कंसावर, वर पत्रा, पुढे-मागे हातभर मोकळं. या वेळी सगळं सावकाश समजावून सांगितलं, बालवाडीच्या बाईंसारखं. त्यानं ऐकून घेतलं. पानं काढत राहिला, ब्रश मारत राहिला. इरलं विणणं मात्र त्यानं सोडलं.

आणि दर रविवारी सकाळी दहाला तो माझ्या दुकानात यायचा. दवाखान्यातला फोन पेशंटचा, त्यावर घरचं बोलणं बरं नाही, असं त्याचं म्हणणं. मी नंबर लावून द्यायचो. पलीकडे कधी सून असायची, ते घरात नाहीत म्हणायची. कधी नीलेशच उचलायचा आणि बापाचा आवाज ऐकून ठेवून द्यायचा. रायबा थोडा वेळ रिसीव्हर कानाला तसाच धरायचा, मग जागेवर ठेवायचा आणि म्हणायचा, बरा हाय. नातू झाल्याचं त्याला गावाकडच्या माणसाकडून कळलं. आयुष नाव ठेवलंय, हे त्यानं मला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. असे किती रविवार. मी हातभर अंतरावर बसलेला असायचो.

एकदा, तिसऱ्या वर्षी असेल, माझ्यानं राहवेना. म्हटलं, रायबा, मी बोलू का नीलेशशी?

"नको मिस्त्री," तो म्हणाला. "तुमचा धंदा हाय. आनि तुमाला तरी कुटं ठाव व्हतं, आत कोन हाय."

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मशीन का जळली, कुणामुळे जळली, सगळं. आणि तो मलाच झाकून घेत होता. हे ऐकून मला काय वाटलं? मला सुटल्यासारखं वाटलं. नरकात गेलो तरी हे खोटं सांगणार नाही. मी त्या रात्री पोटभर जेवलो.

दोन हजार सातच्या शिमग्याला रायबा पालखीसाठी वर गेला. तिथं सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी गेला. त्याच्या चुलतभावानं, भागोजीनं, नीलेशला फोन लावला. नीलेश याही खेपेला लगेच निघाला. पण गावकऱ्यांनी दिवस मावळायच्या आत उरकलं. भागोजी म्हणाला, रायबानं आधीच सांगून ठेवलं होतं की मला कुठल्या खोलीत ठेवू नका, पोरासाठी थांबू नका, जाळून टाका. नीलेश पोचला तेव्हा निखारे होते.

तेराव्याला मी कुडपणला गेलो. बायको म्हणाली, जाऊ नका, उगाच कशाला. याही वेळी तिचं ऐकलं नाही. अंगणात पंगत बसायची तयारी चालली होती. नीलेश पडवीत बसला होता, डोकं भादरलेलं, मांडीवर चार वर्षांचा आयुष. मला ओळखलं त्यानं. या मिस्त्री, म्हणाला.

मी त्याच्यापुढं बसलो आणि सांगून टाकलं. पूर आला होता, तुझा बाप माझ्याकडे विचारायला आला होता. झाकली तर दम कोंडेल, हे त्याला कळत होतं, त्यानं विचारलंही होतं. झाक म्हणून मी सांगितलं. त्याची चूक नव्हती. एका दमात बोललो, मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

नीलेशनं आयुषला खाली उतरवलं आणि आत आईकडे जा म्हणून सांगितलं. मला वाटलं आता मारेल. मारावं असं वाटत होतं.

"तो मला बोलला, कोनी नाय सांगितलं," नीलेश म्हणाला. "तुम्ही तिथंच उभे होते."

"हो."

त्यानं दोन्ही हात डोक्यावरून फिरवले.

"मंग मी पाच वर्सं कोनावर राग धरून बसलो?"

अंगणातून भागोजीनं हाक मारली की पानं मांडली, वाढायला ये. नीलेश उठला, टॉवेलनं तोंड पुसलं. जाता जाता मला म्हणाला, जेवून जावा. मी पंगतीला बसलो. त्यानंच मला वाढलं, भात, वरण, दोनदा. तेराव्याच्या पानावरून उठता येत नाही. मी सगळं जेवलो आणि खाली उतरलो.